माझ्या फोनवर आलेली तारीख

मणक्याचं ऑपरेशन होऊन मला चौदा महिने झाले. मी चालतो. काठी दुकानाच्या कोपऱ्यात उभी असते, तिला हात लागत नाही.

व्यायाम करून घेणाऱ्या मॅडम गेले वर्षभर मागे लागल्या आहेत. "तुम्ही बरे झालात. जे अजून तारखेची वाट बघत बसलेत त्यांच्यासाठी दोन-चार पानं लिहा. त्यांना धीर येईल." मी हो म्हणायचो आणि टाळायचो. मला मुळात बोलायची सवय नाही. बायको रेखा म्हणते, तुमच्यापेक्षा दुकानातला पंखा जास्त बोलतो. पण टाळायचं खरं कारण ते नव्हतं. मी चालतो तो दुसऱ्याच्या तारखेवर. हे न सांगता धीर द्यायला बसलो असतो तर ती आणखी एक लबाडी झाली असती.

म्हणून सगळंच लिहितो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. जळगाव-धुळ्याकडची माणसं जिथे जातात, असं ते एक सरकारी रुग्णालय, एवढं पुरे. काही माणसांची नावंही बदलली आहेत.

चप्पल

माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, जळगावच्या बाहेरच्या रस्त्याला. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटरी येतात. जुनी तार काढायची, नवी कॉइल भरायची, वार्निश करून वाळवायची. उभं राहून आणि वाकून करायचं काम. कंबर दुखणं या धंद्यात कोणी मोजत नाही, मीही मोजलं नाही.

एका दुपारी मी चहा घेऊन रस्ता ओलांडून आलो. रेखा डबा घेऊन आली होती. ती माझ्या पायांकडे बघत राहिली.

"अहो, एक चप्पल कुठंय?"

डाव्या पायात चप्पल नव्हती. वैशाखातलं डांबर. पायाचा तळवा लाल झाला होता आणि मला काहीही कळलं नव्हतं. चप्पल रस्त्याच्या मधोमध पडली होती, तिच्यावरून एक ट्रॅक्टर गेला. आम्ही दोघं हसलो. रात्री तिने तळव्याला खोबरेल लावलं तेव्हा हसू आलं नाही, कारण तिचं बोट कुठे फिरतंय तेही मला कळत नव्हतं.

डॉक्टरांनी पायावर हातोडी मारून पाहिली, डोळे मिटायला लावून अंगठा वर आहे की खाली ते विचारलं. मी चारपैकी तीनदा चुकलो. ते म्हणाले, "मणक्यात काहीतरी दाबतंय. काय ते एमआरआयशिवाय सांगता येणार नाही. गाठ असली तर काढता येईल. पण उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही."

रेखाने विचारलं, "मग एमआरआय कधी?"

"खाली खिडकीवर तारीख मिळेल."

बाहेर पैसे भरूनही तो होतो, हे मला माहीत होतं. पण सरकारी योजनेतून ऑपरेशन करायचं तर तपासणीही इथलीच लागेल असं सांगितलं गेलं, आणि बाहेरचं ऑपरेशन आमच्या आवाक्यातलं नव्हतं. एवढं सांगून हा विषय सोडतो.

खिडकी

खिडकीवर मला एकोणचाळीस दिवसांनंतरची तारीख मिळाली.

एकोणचाळीस दिवस म्हणजे काय हे निरोगी माणसाला सांगता येणार नाही. मोटर जळते तेव्हा वास येतो, मग धूर येतो, मग ती बंद पडते. वास आल्यावर मेन स्विच पाडायचा असतो. इथे वास येत होता आणि स्विच एकोणचाळीस दिवसांवर होता.

खिडकीमागे बसलेल्या माणसाला मी किशोर म्हणतो. त्याने आधार कार्डं पाहता पाहता रेखाला विचारलं, "ताई, माहेर कुठलं?"

"पहूर."

"पहूर? कोणत्या गल्लीत? मीही पहूरचा." मग पाच मिनिटं कोणाची आत्या कुठे दिली आणि कोणाचं शेत कोणाला लागून, हे झालं. शेवटी तो खुर्चीतून अर्धा उठला आणि मला हात जोडले. "म्हणजे दाजी, तुम्ही आमच्या गावचे जावई! आधी नाही का सांगायचं?"

आमच्याकडे जावई एका घराचा नसतो, अख्ख्या गावाचा असतो. पहूरला मी सासऱ्यांच्या दारात पोहोचेपर्यंत तीन घरी चहा होतो. त्या दिवसापर्यंत मला त्याचा संकोच वाटायचा.

"तारीख पुढे नाही ओढता येणार, दाजी," किशोर म्हणाला. "मागे माणसं आहेत. पण एखादा आला नाही, जागा रिकामी झाली, तर पहिली तुमची. गावचा जावई रांगेत बसवला तर मला घरात घेतील का?"

रेखाचा चेहरा उजळला. खरं सांगतो, माझाही.

माझ्या मागे एक जोडपं उभं होतं. साक्रीच्या पुढे डोंगराकडच्या गावातलं. बाई विमलबाई, नवरा भिका, माझ्याच वयाचा असेल. कांद्याचं पोतं उचलताना त्याच्या कंबरेत काहीतरी झालं होतं आणि तेव्हापासून दोन्ही पाय ओढत होता. बायकोच्या खांद्यावर हात टाकून चालत होता, पण चालत होता. त्याच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लाल पेनाने 'तातडीचे' लिहिलं होतं. माझ्या पेपरवर काही नव्हतं.

"भाऊ, हाऊ फॉर्म भरी देशात का? माले लिखता येत नही."

मी भरून दिला. मोबाइल नंबराच्या जागी तिने एका चिठ्ठीवरचा नंबर दाखवला. गावातल्या किराणा दुकानदाराचा. किशोरने तिथल्या तिथे लावून पाहिला.

"कव्हरेजच्या बाहेर सांगतोय. बाई, लागणारा नंबर द्या. मशीन कधी बंद पडतं, तारखा बदलतात, मी कोणाला सांगू?"

"आमना गावमां टावर नही शे, साहेब. त्याना ओटावर गया तं लागस."

"मग मी ओट्यावर येऊ का?"

मागची माणसं हसली. बाईचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "माझा टाका. मी यांना निरोप देईन." आणि माझा नंबर तिच्या फॉर्मवर लिहिला. किराणावाल्याचा नंबर माझ्या फोनमध्ये घातला.

असं कोणाचाही नंबर देणं आपल्याकडे काही नवं नाही. शेजाऱ्याचा देतात, सरपंचाचा देतात, एसटीत भेटलेल्या माणसाचा देतात. त्या दिवशी मला आपण फार भले आहोत असं वाटलं होतं.

"तुमनं भलं व्हवो, भाऊ," विमलबाई म्हणाली.

भिका माझ्या पायांकडे बघत होता. म्हणाला, "तुमनाबी पाय ऐकत नही का?"

"डावा नाही ऐकत."

"मना दोन्ही. मंग आपला पायसले एकच शाळामां टाकी देऊत."

आम्ही बाकावर बसून वडापाव खाल्ला. त्याची तारीख सतरा दिवसांनंतरची होती. मला तेव्हा त्याचा हेवा वाटला, हेही लिहून ठेवतो.

वाट बघणं

दहाव्या दिवशी कळलं की मशीन बिघडलंय. सगळ्या तारखा रद्द. चालू झालं की फोन येईल. भिकासाठीचा हाच निरोपही मलाच आला; तो मी त्याच दिवशी किराणावाल्याला लावून दिला.

त्यानंतरचे दिवस मी दुकानातल्या लोखंडी खुर्चीत काढले. डाव्याची बधिरता गुडघ्याच्या वर आली होती, उजवा पाय जड व्हायला लागला होता. संडासला जाताना भिंत धरावी लागे. रेखा दाराबाहेर उभी राहायची आणि मी तिच्यावर ओरडायचो. मुलगा पुण्याहून रोज फोन करून तेच विचारायचा, "काही कळलं का?" एकदा मी फोन भिंतीवर फेकला. तो फुटला नाही. फुटला असता तर पुढचं घडलं नसतं, असं नंतर कितीदा मनात आलं.

माझी भाची पल्लवी इंग्लंडमध्ये असते. तिथेही दवाखाना सरकारीच. तिच्या गुडघ्याचा एमआरआय व्हायचा होता आणि तीही कित्येक आठवडे थांबली होती. मला वाटायचं तिकडे सगळं झटपट होत असेल.

"कुठलं झटपट, मामा," ती म्हणाली. "इथे नुसतं पत्र येतं. रांग दिसतच नाही. माझ्या पुढे कोण आहे, मागे कोण आहे, काही कळत नाही. खूप एकटं वाटतं."

शेजारचे नाना रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना रेल्वेच्या दवाखान्यातून बाहेर पाठवायचं होतं आणि त्यांची चिठ्ठी एका सहीसाठी अडली होती. म्हणजे एक सहीची वाट बघत होता, एक पत्राची, मी फोनची. पण पल्लवीचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. तिला तिच्या पुढचा माणूस दिसत नव्हता. मला दिसत होता. त्याच्या गावाचं नाव मला माहीत होतं.

आणि माझ्या दुकानातही रांग आहेच. आलेल्या मोटरीवर मी खडूने आकडा टाकतो. पण पाच एकर केळीवाला येऊन "आजच पाहिजे, बाग वाळतेय" म्हणाला की मी त्याची मोटर पुढे घेतो, आणि तीन नंबरवाल्याला सांगतो, "वार्निश वाळलं नाही." बावीस वर्षं मी हे करत आलोय. त्याला मी कधी खोटं बोलणं म्हटलं नव्हतं.

साडेतीनचा फोन

दुपारचे साडेतीन वाजले होते. रेखा घरी गेली होती. अनोळखी नंबर. एका मुलीचा आवाज होता, किशोर नव्हता.

"भिका यांचे नातेवाईक का? मशीन चालू झालंय. तातडीचे पेशंट आधी घेतोय. उद्या सकाळी नऊला त्यांना आणा. आले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल. कळलं ना?"

"कळलं," मी म्हणालो.

"नक्की येणार ना?"

"निरोप देतो."

फोन ठेवला. मग किराणावाल्याचा नंबर काढला.

पुढचं वाक्य लिहायला मला चौदा महिने लागले. मी दवाखान्यात सांगितलं की फोन लागला नाही. फोन लागला होता. दोन रिंग वाजल्या. तिसरी वाजायच्या आत मी कापला.

पुन्हा लावला नाही. संध्याकाळी रेखाला म्हणालो, "उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन बसू. मशीन चालू झालंय म्हणे. किशोरला भेटू, एखादी जागा रिकामी असेल."

"असेल का?"

"बघू."

नळी

नऊला किशोरने यादी वाचली. भिकाचं नाव दोनदा पुकारलं. मी पुढे झालो. "त्यांचा निरोप माझ्याकडेच होता. कालपासून लावतोय, फोनच लागत नाही."

"डोंगरात टावर नसतो," किशोर म्हणाला. माझ्यासाठी कारण त्यानेच शोधून दिलं. मग रेखाकडे पाहून हसला. "रिकामी जागा जावयाची. चला दाजी, घड्याळ काढा, अंगठी काढा."

अंगावरचं सगळं लोखंड काढायला लावतात. माझ्या धंद्याचं ऐकून तिथल्या माणसाने विचारलं, "डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?" मी नाही म्हणालो. त्या दिवशी मी बोललेल्या खऱ्या गोष्टींपैकी ती एक.

ज्यांचा एमआरआय व्हायचाय त्यांच्यासाठी सांगतो: दुखत काही नाही. सरकत्या फळीवर झोपवतात आणि एका नळीत ढकलतात. नाकासमोर वीतभरावर छत असतं. हातात एक रबरी फुगा देतात, जीव घाबरला तर दाबायचा. कानाला झाकणं लावतात, तरी ठोकल्यासारखा आवाज येतो, कधी पत्र्यावर, कधी लाकडावर. मी जन्मभर कॉइल भरल्या. आता मी स्वतः एका कॉइलच्या आत होतो आणि हलायचं नव्हतं. डोळे आत जाण्याआधीच मिटा, आत गेल्यावर उघडू नका. एवढाच माझा सल्ला.

पाच-एक मिनिटांनी कानात आवाज आला.

"भिकाभाऊ, हलू नका."

आतल्या यादीत नाव बदललं नव्हतं.

"भिकाभाऊ, ऐकू येतंय ना? त्रास होतोय का?"

फुगा माझ्या हातात होता. दाबला असता तर फळी बाहेर आली असती, मी सांगितलं असतं की मी भिका नाही. मग त्यांनी विचारलं असतं, भिका कुठे आहे? मी म्हणालो, "नाही. ठीक आहे."

"शाबास भिकाभाऊ. अजून वीस मिनिटं."

त्या वीस मिनिटांत त्याने मला चार वेळा त्या नावाने हाक मारली. मी मोजल्या. दुसरं करायला काही नव्हतं.

बाहेर आल्यावर किशोरने नाव खोडून माझं लिहिलं. रेखाने पहूरला फोन लावला आणि बाहेरच्या व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात आपल्या भावाला सांगितलं, "आपल्या गावच्या माणसाने केलं! जावयाचा मान ठेवला!"

वॉर्ड

गाठ निघाली, साधी निघाली. सहा दिवसांनी ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, "वेळेवर आलात. अजून थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं." रेखाने त्यांच्या पाया पडायचा प्रयत्न केला. मी भिंतीकडे तोंड केलं. तिला वाटलं दुखतंय.

वॉर्डातलं सगळं वाईट नव्हतं. पहाटे साडेपाचला झाडू मारायला येणाऱ्या बाई प्रत्येकाच्या चपला जोडीने लावून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चला, ज्याची त्याची गाडी तयार." शेजारच्या खाटेवरचे आबा घरून आलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा मला अर्धा द्यायचे, रेखा नको म्हणाली तर रागवायचे. चौथ्या दिवशी व्यायामाच्या मॅडमनी चादर वर केली. "डावा अंगठा हलवा." मी हलवला. मला कळलं नाही तो हलला की नाही. रेखाच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा कळलं.

त्याच दुपारी मी फोन मागून घेतला आणि किराणावाल्याला लावला. किशोरने भिकाची नवी तारीख माझ्याकडे दिलेली होती, एमआरआय झाल्यापासून बत्तिसाव्या दिवसाची. ती सांगितली. दुकानदार म्हणाला, "बरं झालं साहेब, तो रोज विचारतो." अंगठा हलल्यावर निरोप दिला, आधी नाही. हे आपोआप झालं असं मला वाटत नाही.

व्हरांडा

बत्तिसाव्या दिवशी मलाही टाके आणि व्यायाम दाखवायला बोलावलं होतं. ती तारीख माझ्या लक्षात होती. म्हणून मी मुद्दाम उशिरा गेलो, नऊच्या ऐवजी साडेअकराला. मशीनचं काम वेळेच्या मागे चाललं होतं. ते दोघं व्हरांड्यातच होते.

भिका स्ट्रेचरवर होता. कंबरेखाली चादर होती आणि चादरीखाली काही हलत नव्हतं. लघवीची पिशवी दांडीला लटकत होती.

विमलबाईने मला आधी पाहिलं. मी काठी घेऊन चालत होतो. ती नवऱ्याला म्हणाली, "दखा हो, भाऊ कसा चाली ऱ्हायनात!" आणि खरंच आनंदाने हसली. त्यानेही मान उचलली. "पास व्हई गयात का भाऊ? मी नापास."

मी त्याच्या खांद्याला हात लावला.

मग ती म्हणाली, "भाऊ, डॉक्टर आम्हले बोलनात. म्हने, तुम्हले आधीनी तारीख देयेल व्हती, काबरं उनात नही? पहिले फोन उना व्हता का तुमले?"

रेखा खिडकीवर किशोरशी बोलत होती, तिला इकडचं ऐकू जात नव्हतं. भिका माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हणालो. "नाही आला."

"मी यासले सांगी ऱ्हायंती. फोन उना तं भाऊ सांगतीनच."

फोन कापला तेव्हा मला भीती वाटत होती. भीतीत माणूस काहीही करतो, असं मी स्वतःला समजावत आलो होतो. पण व्हरांड्यात मला भीती नव्हती. मी बरा झालो होतो. तरी मी खोटं बोललो. नळीतून फळी बाहेर काढली, पण मी आतच राहिलो, असं मला त्यानंतर वर्षभर वाटत राहिलं.

रेखा

वर्षभर मी कोणाशी नीट बोललो नाही. मुलगा म्हणायचा, आजारपणाचा धक्का असतो. पहूरला एका लग्नात गेलो. किशोरही आला होता. सगळ्यांनी त्याला माझ्या शेजारी पंगतीत बसवलं. सासऱ्यांनी त्याला टोपी-उपरणं दिलं आणि मला म्हणाले, "तुम्हीही दोन शब्द बोला." मी ताटावरून उठलो.

घरी आल्यावर रेखाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकताना तिचा हात थांबला नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे माझ्या गावाच्या नावाखाली तुम्ही हे लपवलंत? मी गावभर सांगत सुटले."

"हो."

"दोन रिंग वाजल्या होत्या?"

"हो."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नेसून तयार उभी. "चला. साक्रीची गाडी किती वाजता आहे?"

ओटा

साक्रीला उतरून पुढे जीपने गेलो. आठवड्याचा बाजार होता, जीपमध्ये शेळ्याही होत्या. गाव चढावर आहे. किराणा दुकान पहिलंच, बाहेर दगडी ओटा. मी फोन काढून पाहिला, तिथे रेंजच्या दोन काड्या येत होत्या.

भिका अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होता. पाठीमागे पोतं लावलं होतं. विमलबाईने रेखाला पाणी दिलं. चहाला आत वळली तेव्हा मी म्हणालो, "ताई, थांबा. आधी ऐका."

मी सांगितलं. लिहिलंय तसंच, कारण न देता. नळीत मला कोणत्या नावाने हाक मारत होते तेही सांगितलं.

भिका शेंगा फोडायचा थांबला. मूठ तशीच मिटलेली.

"तवय जातू तं मना पाय वाचता का?"

"माहीत नाही. मी डॉक्टरांना विचारलं. नक्की सांगता येत नाही म्हणाले."

"दोन रिंगा वाजन्यात?"

"हो."

तो दुकानाच्या दिशेने बघत म्हणाला, "मी रोज त्याना ओटावर जाई बसू. पाय ओढत जाऊ, पन जाऊ. फोन वाजना का त्याना तोंडकडे दखू. त्या दिनबी मी तठेच व्हतू, भाऊ."

तो पुन्हा शेंगा फोडू लागला. मी काही कागद नेले होते, अपंगांच्या दाखल्याचे आणि चाकांच्या खुर्चीच्या अर्जाचे. ते बाजेवर ठेवले. त्याने हात लावला नाही. रेखा रडत होती. तिला कोणी रडू नको म्हणालं नाही.

विमलबाई उंबऱ्यात उभी होती. चहा झाला नाही. खानदेशात दारी आलेल्याला चहा न देता जाऊ देत नाहीत, म्हणजे काय ते आम्हाला समजलं. आम्ही उठलो. फाटकापाशी पोहोचलो तेव्हा तिने मागून विचारलं.

"तुम्ही नंबर बदलशात का आते?"

"नाही."

"बदलू नका. कागदवर तोच शे."

शेवटचं

मॅडम, तुम्ही धीर द्यायला सांगितलं होतं. माझ्याकडे असलेलं देतो. पायाला कळेनासं झालं तर थांबू नका. केसपेपरवर तातडीचं लिहायचं असेल तर डॉक्टरांना तोंडाने विचारा, लाजू नका. मशीन बंद पडलं तर स्वतः जाऊन विचारत राहा. नळीत डोळे मिटा. आणि फॉर्मवर नंबर लिहिताना स्वतःचा लिहा. नसेल तर अशाचा लिहा, ज्याला तीच तपासणी नको आहे.

भिकाच्या केसपेपरवर अजून माझाच नंबर आहे. दवाखान्याचे फोन मलाच येतात: पिशवी बदलायची तारीख, दाखल्याचं शिबिर, खुर्चीचं माप. ते मी किराणावाल्याला सांगतो; तो म्हणतो, गावातली पोरं भिकाला अजून उचलून ओट्यावर आणून बसवतात. किशोरला मी सगळं सांगितलं. त्याने खिडकीतून हात जोडले नाहीत, दाजी म्हणाला नाही. मोटरीवरचे खडूचे आकडे आता मी पुढे-मागे करत नाही. केळीवाले दोघे दुसरीकडे गेले.

परवा दुपारी फोन आला. "भिका यांचे नातेवाईक का? खुर्ची आली आहे. सोमवारी घेऊन जा."

मी लिहून घेतलं. किराणावाल्याला लावला. एक रिंग वाजली. दुसरी वाजली. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. तिसरी वाजली, चौथी वाजली.

"हां, बोला," पलीकडून आवाज आला. दुकानदाराचा नव्हता. भिकाचा होता.